इंटरकूलरवरचं पाणी

माझ्या हाताला स्वस्थ बसणं माहीत नाही. चालणारी वस्तू चालू द्यावी, एवढी साधी अक्कल मला तिशी उलटेपर्यंत आली नव्हती. घरातला रेडिओ, शेजाऱ्याची लुना, विहिरीवरच्या मोटारीचं स्टार्टर, जे हाती लागलं ते मी उघडलं आणि त्यातलं निम्मं परत जुळलंच नाही. आई म्हणायची, या पोराला झोपेतसुद्धा पाना लागतो. त्यामुळे नवा टर्बोवाला ट्रक आमच्या घरासमोर उभा राहिला, तेव्हा तिला आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटली असावी.

गाडी माझ्या नावावर होती. पण आमच्या कुरुंद्यापासून वसमतच्या मोंढ्यापर्यंत, म्हणजे तिथल्या बाजारपेठेपर्यंत, सगळे तिला मामांची गाडी म्हणायचे, कारण चालवायचे मामा. मामा म्हणजे आईचे सख्खे थोरले भाऊ. नव्वदच्या दशकात ते वसमतच्या एका आडत्याच्या जुन्या ट्रकवर डायवर होते. मी हिंगोलीला आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकत होतो आणि सुट्टी लागली की त्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसायचो. गाडी मला त्यांनीच शिकवली, उन्हाळ्यात आटलेल्या तलावाच्या पोटात. पहिल्या दिवशी त्यांनी मला चपला काढायला लावल्या होत्या.

"काहून?" मी विचारलं.

"पायाला कळलं पाहिजे लेका, गाडी काय म्हणून राहिली ते. चप्पल घातली का दोघांचं बोलणं बंद."

मामांकडे शेत नव्हतं, मूलबाळ नव्हतं. मामी आणि दोन खोल्या, आणि ही डायवरकी. रस्त्यात समोरून येणारे ट्रकवाले त्यांना पाहून दिवा मारायचे, मोंढ्यातले हमाल "जय भीम मामा" म्हणत चहाची बशी पुढे करायचे. त्यांच्या अंगात एवढा एकच रुबाब होता आणि तो त्यांना शोभायचा. मला त्याचा अभिमान होता आणि, खरं सांगायचं तर, थोडी जळजळही होती. गाडी माझी, आणि सलाम मामांना.

आमचा ट्रक हळद वाहायचा. फाल्गुन-चैत्रात हळद शिजून, वाळून, घासून मोंढ्यात आली की आम्ही ती सांगलीला न्यायचो. परभणी, गंगाखेड, परळी, आणि परळी सोडली की अंबाजोगाईचा घाट. भरल्या गाडीची परीक्षा त्या घाटात. पहिल्या वर्षी, थंडी सरता सरता, गाडी तिथून अशी चढली की मी खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडलो होतो. पण ऊन तापायला लागलं तसा तिचा दम कमी होत गेला. फार नाही. जिथे तिसऱ्या गिअरमध्ये चढायची तिथे दुसरा टाकावा लागायचा. मामा म्हणाले, ऊन हाय, माणसाचा बी दम जातो. दुसरा कुणी असता तर एवढ्यावर गप्प बसला असता.

मला झोप लागेना. या ट्रकमध्ये काय होतं ते सांगतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो, तो टर्बो. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो, म्हणून इंजिनाला जास्तीची ताकद येते. पण दाबलेली हवा तापते. सायकलीत हवा भरताना पंपाचं बूड चटका देतं, तसंच. तापलेली हवा विरळ असते, तिच्यात जोर नसतो. म्हणून इंजिनात शिरण्याआधी तिला गार करायला गाडीच्या नाकासमोर एक जाळीदार पेटी बसवलेली असते, ती इंटरकूलर. आमच्या गाडीत ती रेडिएटरच्या वरच्या अर्ध्या भागापुढे होती. एका अंगाने गरम पाइप आत जायचा, दुसऱ्या अंगाने गार पाइप बाहेर यायचा. दोन्ही पाइपांवर एकेक हात ठेवला की कळतं पेटी काम करते की नाही. मी गाडी थांबली रे थांबली की बॉनेटमध्ये हात घालायचो. बाहेर येणारा पाइप मला हवा तेवढा गार लागत नव्हता.

मग सुरू झाले माझे उद्योग. आधी मी समोरची सगळी सजावट उतरवली. गोंडे, काळ्या वेण्या, निळ्या पट्टीवर 'जय भीम' रंगवलेला पत्रा, जे जे वारा अडवतं ते काढलं. मामांनी तो पत्रा उचलून, पुसून घरी नेला. मग भंगारातून एका मोटारीचा विजेचा पंखा आणून पेटीसमोर बांधला. तो दोन फेऱ्यांत जळाला. मामा हसले. मला राग आला. माणूस हसला की माझं डोकं दुप्पट वेगाने चालतं, आणि दुप्पट वेगाने चाललेलं डोकं नेहमी शहाणपणाकडेच जातं असं नाही.

त्या वर्षी आमच्याकडे हळदीला ठिबकच्या नळ्या येऊ लागल्या होत्या. काळी नळी, तिच्यातून थेंब थेंब पाणी. एका शेतात ती पाहिली आणि मी बांधावरच उभा राहिलो. पेटी गार करायची ना? मग तिच्यावर पाणी सोडायचं. केबिनच्या टपावर पन्नास लिटरचा कॅन, तिथून खाली नळी, नळीला दाभणाने बारीक भोकं, आणि ती नळी पेटीच्या समोर आडवी पाच वेळा फिरवलेली. सीटजवळ पाणी सोडायची एक चावी. घाट आला की चावी उघडायची. मी पट्ट्यांची एक चौकट केली, तिच्यात नळी बसवली, दगड लागून भोक पडू नये म्हणून पुढून बारीक जाळी लावली आणि चौकट जागेवर वेल्डिंगचे टाके मारून पक्की केली. दोन दिवस जेवणाचीही शुद्ध नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामा गाडीपुढे बसलेले दिसले. ते त्यांचं रोजचंच होतं. मोंढ्यात माल भरायला लागायच्या आधी ते गाडीच्या नाकासमोर उकिडवे बसायचे, सायकलच्या चाकाची एक तार घेऊन त्या पेटीत काहीतरी कोरत राहायचे. अर्धा तास, कधी पाऊण. म्हाताऱ्या माणसाचा चाळा म्हणून मी तिकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या दिवशी तार जाळीला अडकली.

"इथं हात जाईना रे आता," ते म्हणाले.

"हात काहून लागतो मामा? पाणी हाय ना. आपोआप धुऊन निघंल."

त्यांनी एकदा चौकटीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "बराबर," म्हणाले, आणि तार दाराच्या कप्प्यात ठेवून दिली.

पहिल्या फेरीला माझं पाणी कामी आलं. खोटं कशाला बोलू, असं कामी आलं की मला स्वतःलाच विश्वास बसेना. भर दुपारी घाटाच्या पायथ्याशी मी चावी उघडली, पेटीतून वाफ निघाली आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये वरपर्यंत गेली. मामा चालवत होते, मी शेजारी बसून मांडीवर ताल धरला होता. परतल्यावर मोंढ्यात मी आठ दिवस तेवढं एकच बोलत होतो. कंपनीच्या इंजिनिअरला जे सुचलं नाही ते कुरुंद्याच्या पोराला सुचलं, असं मी एका हमालाला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तो निघून गेला.

त्याच दिवसांत हरभऱ्याची रास निघत होती. आमच्याकडे खळ्यापेक्षा डांबरी सडक बरी, म्हणून लोक काढलेला हरभरा रस्त्यावर पसरून ठेवतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकाखाली तो आपोआप मळला जातो. गावाजवळच्या चार-पाच किलोमीटरांत तर रस्ता दिसायचाच नाही, नुसता वाळलेला हरभरा. मामा तिथे मुद्दाम हळू जायचे, चाकं बरोबर मालावरून न्यायला बघायचे, बाया कडेला उभ्या राहून हात करायच्या. आमच्या मागे आणि पुढच्या गाड्यांच्या मागे भुस्कटाचा लोट. मी काच वर करून बसायचो. ते भुस्कट पेटीसमोरच्या जाळीतून आत जात होतं, हे मला दिसत असून दिसत नव्हतं.

दुसऱ्या फेरीला गाडी जरा जड गेली. तिसऱ्या फेरीला घाटात काळा धूर. चौथ्या फेरीला निम्म्यावरच पहिला गिअर टाकावा लागला आणि मागे बसगाड्यांची रांग लागली, त्यांचे डायवर हॉर्नवर हात ठेवून बसले. मी चावी पूर्ण उघडली, कॅन रिकामा झाला, काही फरक नाही. रेडिएटरचा खालचा अर्धा भाग मोकळा होता, त्यामुळे तापमानाचा काटा नेहमीच्या जागी. म्हणजे गाडीत दोष नाही. पाणी तर मीच लावलेलं, त्यात दोष असणं शक्यच नव्हतं. मग उरलं काय? मी मामांच्या पायाकडे बघायला लागलो.

ते एक्सलेटर दाबत नाहीत, असं मला वाटू लागलं. मग वाटू लागलं, मुद्दाम दाबत नाहीत, माझी युक्ती फसावी म्हणून. मग वाटलं, वय झालं. एकदा माणसाबद्दल असं मनात आलं की पुढचं सगळं त्यातच बसवलं जातं. ते वळणावर थांबले की मला चिडचिड व्हायची, चहाला उतरले की चिडचिड. रात्री अंथरुणावर मी मनातल्या मनात गाडी चालवायचो आणि प्रत्येक वेळी घाट चढून जायचो.

पाचव्या फेरीच्या सकाळी मोंढ्यात पोती भरून झाली होती. हमाल आणि मामा पोत्यांच्या थप्पीला टेकून चहा पीत होते. एका म्हाताऱ्या हमालाने सहज विचारलं, "काय मामा, पाणीवाली गाडी काय म्हणती?"

मामा म्हणाले, "दम टाकून राहिली. काहीतरी अडकलंय तिला."

माझ्या आत जे आठ दिवस खदखदत होतं ते बाहेर आलं. "गाडीला काही अडकलं न्हाई," मी म्हणालो. "गाडी जवान हाय. डायवर म्हातारा झाला. तुमच्या पायात जोर न्हाई राहिला मामा, ते सांगा की लोकायला."

दोघं-तिघं हसले. मामांनी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली, उठले आणि कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. हातात, फेकली नाही. मग गमछा झटकून खांद्यावर टाकला आणि फाटकाच्या दिशेने चालू लागले. मला हाक मारावीशी वाटली. पण त्याहून जास्त वाटत होतं की आता दाखवतोच. मी सीटवर चढलो.

परळीपर्यंत मी स्वतःशी बोलत गेलो. घाटाच्या पायथ्याशी बाराचं ऊन होतं. चावी उघडली, तिसरा टाकला, पाय जमिनीला टेकेपर्यंत दाबला. पहिल्या वळणाला दुसरा गिअर. दुसऱ्या वळणाला पहिला. काळा धूर आरशात मावेना. पाय दाबून दाबून पोटरीत गोळा आला आणि गाडी चालत्या माणसाच्या वेगाने सरकत होती. म्हणजे मामांचा पायही असाच दाबलेला असणार, रोज. हे मनात आलं आणि मी जागा रुंद दिसताच गाडी कडेला घेतली, चाकांखाली दगड लावले.

बॉनेट उघडून दोन्ही पाइपांवर हात ठेवले. दोन्ही सारखेच पोळत होते. हवा आत जाते तशीच बाहेर येत होती, पेटी काहीच करत नव्हती. मी टॉमीची लोखंडी दांडी घेऊन चौकटीचे टाके तोडले. बोटं फुटली, शिव्या दिल्या, शेवटी चौकट जाळीसकट हातात आली.

मागे पेटी दिसतच नव्हती. होता तो एक पिवळट करडा लेप. हरभऱ्याचं भुस्कट, हळदीची धूळ, रस्त्याची माती आणि माझं पाणी. आई भिंत लिंपायला हेच कालवायची, माती, भुस्कट, पाणी. मी चालत्या गाडीत, पन्नास लिटर पाणी ओतून, इंटरकूलर सारवला होता. इंजिनाच्या उष्णतेने तो वाळून टणक झालेला. नखाने टोकरलं तर खपली निघाली आणि तिच्याखाली अजून एक थर.

काय घेऊन काढू म्हणून दाराच्या कप्प्यात हात घातला तर मामांची तार. टोक घासून चपटं केलेलं, दुसऱ्या टोकाला धरायला चिंधी गुंडाळलेली. ती त्या पात्यांच्या फटीत अशी बसली, जशी त्याच मापाची केलेली. केलेलीच होती. मी रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून तीन तास एकेक फट कोरत होतो, आणि मला कळत होतं की हे काम एक माणूस गाडी आली तेव्हापासून रोज सकाळी करत होता. न सांगता. मी तो चाळा म्हणून सोडून दिला होता, मग त्याचा हात बंद केला होता, आणि मग हात बंद केल्याचा दोष त्याच्या पायावर घातला होता. मला त्या उन्हात रडू आलं. एका ट्रकवाल्याने थांबून विचारलं, काय तकलीफ हाय का. न्हाई म्हणालो.

निम्मी पेटी मोकळी झाली आणि गाडी दुसऱ्यात वर चढली. सांगलीला माल उतरवला, परत निघालो, वाटेत कुठेही नीट जेवलो नाही. कधी एकदा सांगतो असं झालं होतं. चुकीची कबुली देण्यातही माझी घाई तीच, सगळं एका दमात सांगून मोकळं व्हायचं.

मामा घरीच होते, ओट्यावर बाज विणत होते. मामीने पाणी दिलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, लेप, तार, तीन तास. त्यांचे पाय धरायला वाकलो तर त्यांनी पाय आत घेतले.

"बस," म्हणाले. "बोटं पाहू. लई कापून घेतली."

"मामा, मी लई चुकलो. उद्या माल भरायचा हाय. चला."

ते सुंभ ओढत राहिले. मामी आत गेली. मग मामा म्हणाले, "तू मोंढ्यात बोलला ना? मोंढ्यात बोलला. आता सांगून राहिला इथं, बाजंपाशी."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर मला बरं वाटलं असतं. मी म्हणालो, उद्या सकाळी मोंढ्यात या, एवढंच करा. त्यांनी बाजेची पुढची गाठ आवळली.

सकाळी ते आले. धुतलेलं धोतर, खांद्यावर गमछा. हमाल चहाला बसलेले होते, तेच सगळे. मी समोर उभा राहिलो. रात्रभर जुळवलेली सगळी वाक्यं पळून गेली. "त्या दिशी मी मामांना म्हणलो का त्यांच्या पायात जोर न्हाई," मी म्हणालो. "ते खोटं हाय. गाडी मी बिघडवली होती. मामा रोज साफ करत होते म्हणून ती चालत होती. चूक माझी हाय."

मग त्या म्हाताऱ्या हमालाने बशीतून डोकं वर काढलं. "कवा म्हणला होता रे असं? आमाला तर याद बी न्हाई."

"मला हाय," मामा म्हणाले.

मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, दाबला आणि म्हणाले, "पोरगं बोललं बराबर. आता पोती मोजा, ऊन होऊन राहिलं." सगळे उठले. झालं, मिटलं, असं वाटलं. गाडी भरली, दोर आवळले, आणि मी किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग गाडीला पुढून वळसा घालून गेले, डावीकडचं दार उघडलं आणि क्लीनरच्या जागेवर बसले.

"मामा, इकडं या," मी म्हणालो.

"चालव लेका. मी बसतो इथं."

मला वाटलं, एवढ्या फेरीपुरतं असेल. पुढची सहा वर्षं ते माझ्याबरोबर आले, रोज सकाळी गाडीचं नाक साफ केलं, घाटात मला कुठे कोणता गिअर टाकायचा ते बोटांनी दाखवलं, सांगलीत माझ्यासाठी भाकरी राखून ठेवली. माझ्याशी एकदाही वाकडं बोलले नाहीत. प्रत्येक फेरीला निघताना मी किल्ली पुढे करत राहिलो, आणि ते दरवेळी डावीकडच्या दाराने चढत राहिले.